हॉलमधला तराजू, केळीचं सोपट आणि खरा पपायरस

उंटावरचा_शहाणा

जानेवारीत आम्ही इजिप्तला जाऊन आलो. पिरॅमिड झाल्यावर गाईडने आम्हाला थेट पपायरसच्या, म्हणजे जुन्या इजिप्तमधल्या झाडाच्या गरापासून केलेल्या कागदाच्या, दुकानात नेऊन बसवलं. लाल चहा आला. एका मुलीने हिरवी तिकोनी काडी सोलून दाखवली, आतल्या पांढऱ्या गराच्या पट्ट्या काढल्या, लाटण्याने लाटल्या, आडव्या-उभ्या मांडल्या आणि दाबाखाली सरकवल्या. "फेरोंच्या काळापासून हीच पद्धत." आम्ही भारावलो, आणि भारावलेल्या माणसाच्या खिशात हात घालणं सोपं असतं. मेलेल्या माणसाचं काळीज तराजूत पिसाशी तोललं जातंय, असं एक चित्र घेऊन घरी आलो. फ्रेम केली, हॉलमध्ये टांगली.

परवा सासूबाई आल्या. माहेर वसईचं. चष्मा वर सारून चित्राजवळ गेल्या. देवांकडे बघितलंच नाही, कागद तेवढा बघितला. म्हणाल्या, "जावईबापू, हे केळीचं सोपट आहे. ह्याच्याच दोऱ्याने आम्ही गजरे बांधायचो."

तेव्हापासून झोप उडाली आहे, म्हणून वाचत सुटलो. जे हाती लागलं ते इथे टाकतोय, जाणकारांनी भर घालावी.

मला सगळ्यात जास्त धक्का कशाचा बसला असेल तर वयाचा. सक्कारा इथे हेमाका नावाच्या बड्या अधिकाऱ्याचं थडगं आहे, साधारण इ.स.पू. २९०० चं. त्यात पपायरसची एक गुंडाळी सापडली, आणि ती पूर्ण कोरी! कागदाची सगळ्यात जुनी वस्तू, आणि तिच्यावर एक अक्षर नाही. परलोकात लिहायला म्हणून दिली असणार.

लिहिलेला सगळ्यात जुना पपायरस २०१३ साली मिळाला. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ नावाचं प्राचीन बंदर आहे. तिथल्या गुहांच्या तोंडाशी पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या चमूला हे तुकडे सापडले. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या कारकिर्दीच्या अखेरची, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. मेरेर आणि त्याची चाळीसेक माणसं तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरून गिझाला पोचवत. आज दगड भरले, आज मुक्काम अमुक ठिकाणी, आज पोचलो. बस. ज्या पिरॅमिडपुढे मी सेल्फी काढला, त्याच्या मालवाहतुकीचं हे रजिस्टर! त्यात कुठे गूढ शक्ती नाही की परग्रहवासी नाहीत, नुसती हजेरी आणि खेपा.

तर प्रश्न असा: खरा पपायरस ओळखायचा कसा?

रानभूल

मस्त धागा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांची नजर वनस्पतीशास्त्रज्ञाची आहे.

पपायरस हा आपल्या नदीकाठच्या लव्हाळ्याचा आणि नागरमोथ्याचा भाऊबंद. त्याच्या कुळातल्या बऱ्याच जणांचा दांडा तिकोनी असतो. हातात धरून फिरवला की कळतं. फरक उंचीचा. लव्हाळा गुडघ्या-कमरेला लागतो, हा चार-पाच मीटर जातो. शेंड्यावर हिरव्या केसांचा झुपका असतो. आपल्याकडे नर्सऱ्यांत पपायरस म्हणून सर्रास 'अंब्रेला पाम' विकतात. त्याच्या शेंड्याला चपट्या पानांची छत्री असते, खऱ्याला केसांची झिपरी. एवढं लक्षात ठेवलं तरी फसवणूक टळेल. झाडातली तरी.

आता तुमचं चित्र. फ्रेममधून काढा आणि बॅटरीसमोर धरा. खऱ्यात आडव्या आणि उभ्या धाग्यांची जाळी दिसते, कारण पट्ट्यांचे दोन थर एकमेकांवर काटकोनात असतात. शिवाय खरा पपायरस सहज गुंडाळला जातो. हजारो वर्षं गुंडाळ्या करूनच ठेवत होते ना! नकली बरेचदा गुंडाळताना तडकतो.

धोंडोपंत_२

लेख चांगला आहे, पण मूळ मुद्दा सुटला. पपायरस अत्यंत महाग आणि नाजूक होता, फक्त राजे आणि पुजारीच वापरत. त्याची घडीसुद्धा घालता येत नसे. म्हणूनच पर्गमम नगरात चामड्याचा, म्हणजे पार्चमेंटचा शोध लागला आणि पपायरस संपला. हा इतिहास सर्वश्रुत आहे.

बोरूबहाद्दर

धोंडोपंत, सर्वश्रुत आहे म्हणूनच जरा तपासून घेऊ.

आधी नाजूकपणा. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या ज्ञानकोशाच्या तेराव्या खंडात पपायरसवर भरपूर लिहिलंय. तो सांगतो की ग्राकस बंधू या जुन्या रोमन पुढाऱ्यांच्या हातची, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची कागदपत्रं त्याने स्वतः पाहिली. तीही रोममध्ये, वाळवंटात नव्हे. आपल्या घरची पन्नास वर्षांपूर्वीची रेशनकार्डं आठवा.

मग घडी. १९४५ साली नाग हम्मादीला चौथ्या शतकातल्या तेरा पोथ्या सापडल्या. पानं पपायरसची, घडी घालून शिवलेली, वर चामड्याची बांधणी. म्हणजे घडी पडत होती, शिवणही बसत होती.

पर्गममची गोष्ट प्लिनीनेच वारो या आधीच्या रोमन पंडिताच्या हवाल्याने सांगितली आहे. इजिप्तचा टॉलेमी राजा आणि पर्गममचा राजा युमेनीस यांच्यात ग्रंथालयांवरून चुरस, टॉलेमीने पपायरसची निर्यात बंद केली, म्हणून पर्गममने चामडं शोधलं. गोष्ट झकास आहे, पण चामड्यावर लिहिणं त्याआधी कितीतरी जुनं. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय की आयोनियातले ग्रीक पपायरसच्या पुस्तकांनाही 'कातडी'च म्हणत, कारण पूर्वी पपायरस मिळेना तेव्हा ते कातड्यावर लिहायचे. पर्गममने फार तर माल सुधारला आणि नाव लावलं.

आणि पपायरस तेव्हा संपला तर मुळीच नाही. इजिप्त अरबांच्या ताब्यात गेल्यावरही तिथला सरकारी कारभार पपायरसवरच चालू राहिला. दहाव्या शतकापर्यंत चिंध्यांच्या कागदाने त्याला मागे सारलं. रोमच्या पोपची फर्मानं तर अकराव्या शतकातही पपायरसवर निघत होती. दफ्तर बदलायला वेळ लागतो, हे मोडीची कागदपत्रं चाळणाऱ्याला सांगायला नको.

राहिला महागाईचा मुद्दा, तो जरा गुंतागुंतीचा आहे. रात्री लिहितो.

अबोली_के

वाचतेय. एक बाळबोध शंका: आडव्या-उभ्या पट्ट्या चिकटतात कशाने? डिंक लावायचे का?

रानभूल

बाळबोध अजिबात नाही, यावर विद्वानांची डोकी फुटली आहेत. प्लिनी म्हणतो नाईलचं गढूळ पाणी डिंकाचं काम करतं. पण करून बघणाऱ्यांचा अनुभव असा की वेगळा डिंक लागतच नाही. ओला गर दाबला की पेशी एकमेकांत रुततात, झाडाचाच चीक मदत करतो, आणि वाळल्यावर दोन थर एकजीव होतात.

मात्र एका तावाला दुसरा ताव जोडून लांब गुंडाळी करायची तर खळ लागायची. तिची कृतीही प्लिनीने दिली आहे: चांगलं बारीक पीठ, उकळतं पाणी आणि थोडासा व्हिनेगर. आपण पतंगाला करतो तीच खळ हो! वर शंखाने किंवा हस्तिदंताने घोटायचं, पण बेतानं. फार घोटलं तर चकाकी येते आणि शाई बसत नाही.

बोरूबहाद्दर

कबूल केल्याप्रमाणे.

रोमच्या बाजारात पपायरसच्या प्रती होत्या, जशा आपल्याकडे तांदळाच्या असतात. सगळ्यात वर 'ऑगस्टा', ऑगस्टस सम्राटाच्या नावाने, रुंदी तेरा अंगुळं. मग त्याच्या बायकोच्या नावाने 'लिविया'. उतरत उतरत सैस गावाचा हलका माल, त्याखाली नुसता वजनावर विकला जाणारा, आणि तळाला 'एम्पोरेटिका', म्हणजे वाण्याचा कागद. सहा अंगुळं रुंद. त्यावर लिहायचंच नाही, माल बांधायचा. पुड्या!

ऑगस्टाची गंमत अशी की तो इतका तलम की एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूला दिसे. क्लॉडियस सम्राटाने त्यावर तोड काढली. खालचा थर दुय्यम पट्ट्यांचा, वरचा उत्तम पट्ट्यांचा, आणि रुंदी पूर्ण एक फूट. क्लॉडियसबद्दल इतिहासकार बरंच वाईटसाईट लिहितात, पण कागदाच्या जाडीत लक्ष घालणारा सम्राट मला तरी आवडला.

माल मुख्यतः एकाच देशातून यायचा, त्यामुळे पीक फसलं की बोंब. टायबेरियस सम्राटाच्या काळात असा तुटवडा पडला की कागदाच्या वाटपासाठी सिनेटर नेमावे लागले. रेशनिंगच म्हणा.

आता महाग की स्वस्त? बघणाऱ्यावर आहे. अथेन्समध्ये इ.स.पू. ४०७ च्या सुमारास एका मंदिराच्या बांधकामाचे हिशोब दगडावर कोरलेत. त्यात हिशोब उतरवण्यासाठी घेतलेल्या पपायरसचा दर आहे: नगाला १ द्राख्मा २ ओबोल. तिथल्या कारागिराची रोजची मजुरी होती एक द्राख्मा. हा नग म्हणजे एक ताव की अख्खी गुंडाळी, यावर वाद आहे. गुंडाळी धरली तर ठीक, ताव धरला तर अबब. इजिप्तमध्ये मात्र कारकून तो मुबलक वापरतात. तरी मागची कोरी बाजू वाया घालवत नाहीत, जुनी शाई धुऊन पुन्हा लिहितात, आणि किरकोळ टिपणं फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर खरडतात. म्हणजे फुकट नव्हता, पण तिजोरीत ठेवायचीही वस्तू नव्हती. माझ्या आजीने लग्नपत्रिकांच्या मागे किराण्याच्या याद्या केल्या, तो वर्ग डोळ्यांपुढे आणा.

अवांतर: इजिप्तचे लेखक लव्हाळीची काडी कुंचल्यासारखी वापरत. ग्रीकांनी चिरलेल्या टोकाचा बोरू आणला, त्याला ते 'कालामोस' म्हणत. त्याचंच अरबीत 'कलम' झालं आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलं. कायद्याचं कलम आणि हापूसचं कलम हीसुद्धा त्याच काडीची पिलावळ.

गिरणगावकर

वाण्याचा कागद वाचून हसलो. आता माझा आवडता पपायरस सांगतो. तो इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं २९वं वर्ष, साधारण इ.स.पू. ११५७. राजांची थडगी खोदणारे कारागीर देर अल-मदीना गावात राहायचे, पगार धान्यात. धान्य थकलं. महिन्याचे अठरा दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, असं म्हणत हे लोक हत्यारं टाकून चौक्या ओलांडून गेले आणि एका देवळामागे जाऊन बसले. अधिकारी आले, समजूत काढली, आश्वासनं दिली. उठायला तयार नाहीत! सगळी हकिकत गावच्याच कारकुनाने लिहून ठेवली. जगातला नोंदवलेला पहिला संप म्हणतात तो हाच.

१९८२ च्या गिरणी संपात मी सातवीत होतो, वडील साच्यावर. एवढंच सांगतो की आश्वासनांची भाषा तीन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

व्हिएन्नाकर

हा धागा आमच्या गावाच्या इतका जवळ येऊन गेला की राहवलं नाही. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसचा प्रचंड संग्रह आहे आणि त्यातला एक तुकडा प्रत्येक भारतीयाला ठाऊक असायला हवा.

दुसऱ्या शतकातला, ग्रीकमधला. एका बाजूला कर्जाचा करार: जहाज केरळच्या मुझिरिस बंदरातून माल घेऊन आलं की तांबड्या समुद्रावरून उंटांनी वाळवंट ओलांडायचं, कोप्तोसला पोचायचं, तिथून नाईलमधून अलेक्झांड्रिया. वाटेत कोणाची काय जबाबदारी, २५ टक्के जकात कशी भरायची, कर्ज बुडालं तर तारण कोणाचं, सगळं पक्कं. दुसऱ्या बाजूला 'हर्मापोलॉन' जहाजावरच्या मालाचा हिशोब: गंगेकडची जटामांसी, हस्तिदंत वगैरे. जकात वजा जाता किंमत ११५४ टॅलंट २८५२ द्राख्मा. रोमन नाण्यांत जवळजवळ सत्तर लाख सेस्टर्स. एका जहाजाची ही कथा! हा तुकडा १९८५ साली प्रसिद्ध झाला आणि भारत-रोम व्यापाराच्या गप्पांना एकदम रोखीचे आकडे मिळाले.

आमचं सोपारा, कल्याण, भडोच यांची नावं 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आहेत, पण असा करार आपल्या किनाऱ्याचा अजून कोणाला मिळालेला नाही. पैठण-तेरचा माल भडोचला गाड्यांतून उतरत होता, म्हणजे कागदपत्रं झालीच असतील. अलेक्झांड्रियाच्या ओल्या जमिनीत कुजली असणार.

अबोली_के

मग बाकीचे टिकले कुठे?

बोरूबहाद्दर

उकिरड्यात. थट्टा नाही.

कैरोच्या दक्षिणेला १६० किलोमीटरवर ऑक्सिरिंकस नावाचं गाव होतं. तालुक्याचं ठिकाण म्हणा ना. ना पिरॅमिड, ना फेरो. गावाबाहेर शेकडो वर्षं कचरा टाकला जायचा. तिथे पाऊस जवळजवळ नाही, आणि ढिगांपर्यंत पुराचं पाणी पोचायचं नाही. १८९६ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे ऑक्सफर्डचे दोन तरुण तिथे खणायला लागले. पाच लाखांच्या आसपास तुकडे निघाले. १८९८ पासून ऐंशीवर खंड छापले गेले, तरी बहुतेक माल अजून पेट्यांतच आहे.

आणि निघालं काय? हरवलेली ग्रीक नाटकं, कविता हे तर आहेच. पण खरी मजा पावत्या, भाडेकरार, तक्रारअर्ज, जेवणाची आमंत्रणं यांत. एक पत्र थेओन नावाच्या पोराचं बापाला आहे. व्याकरणाची बोंब. मला न घेता शहरात गेलात, छान केलंत! अलेक्झांड्रियाला नेणार नसाल तर पत्र लिहिणार नाही, बोलणार नाही, नमस्कारही करणार नाही. वीणा पाठवा. नाही पाठवलीत तर जेवणार नाही, पाणी पिणार नाही. झालं! असा एकूण मजकूर. अठराशे वर्षं झाली आणि पोरगं अजून फुरंगटून बसलंय.

निमूट

पाच वर्षं नुसता वाचतो, आज पहिला प्रतिसाद.

त्याच उकिरड्यात एक प्रहसनही सापडलंय. खारितिऑन नावाची ग्रीक मुलगी हिंदी महासागराच्या काठच्या राजाच्या तावडीत असते. तिचे लोक राजाला दारू पाजून तिला सोडवतात. त्यातला विदूषक पोटातल्या वाऱ्याच्या जोरावर शत्रूला पळवून लावतो (हे मी रचलेलं नाही). राजा आणि त्याची माणसं अगम्य भाषेत बोलतात. १९०३ साली हे छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी हुल्ट्श नावाच्या जर्मन पंडिताने सांगितलं की ही कन्नड आहे!

धोंडोपंत_२

कन्नडच कशावरून? मराठी का नाही?

गिरणगावकर

धोंडोपंत, सीमाप्रश्न इजिप्तपर्यंत नेऊ नका.

निमूट

मराठीला त्या काळात पोचवता येणार नाही काका, महाराष्ट्री प्राकृत म्हणा फार तर. कन्नडचा दावाही सगळ्यांना मान्य नाही. काहींच्या मते ती प्रेक्षकांना हसवायला केलेली निव्वळ बडबड आहे.

मी खरं तर इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन गावाबद्दल लिहायला आलो होतो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा तिथल्या एका हवेलीतलं ग्रंथालय जळून कोळसा झालं. अठराव्या शतकात त्या गुंडाळ्या सापडल्या तेव्हा लोकांना ते कोळसेच वाटले. उलगडायला गेलं की भुगा. आता त्या न उलगडता क्ष-किरणांनी वाचतात. अडचण अशी की शाई काजळीची आणि कागदाचाही कोळसा, म्हणजे काळ्यावर काळं. २०२३ मध्ये यासाठी जाहीर स्पर्धा लागली. ल्यूक फॅरिटर नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाला शिकवून पहिला शब्द वाचला: 'जांभळा'. पुढच्या फेब्रुवारीत त्याने आणि आणखी दोघांनी मिळून दोन हजारांवर अक्षरं वाचून सात लाख डॉलरचं बक्षीस मिळवलं. मजकूर निघाला खाण्यापिण्याच्या आणि संगीताच्या सुखाबद्दल.

म्हणजे एक तर पार कोरडं हवं, नाही तर पार जळायला हवं. मधल्या हवेत पपायरस राहत नाही.

रानभूल

आणि आपली हवा नेमकी मधली. म्हणून ताडपत्रं दर काही पिढ्यांनी उतरवून काढावी लागली.

मी गेल्या वर्षी घरी ताव करून पाहिला होता, ते सांगायचं राहिलं. गच्चीतल्या टाकीत पपायरस आहे, दोन दांडे कापले. साल काढून गराच्या पट्ट्या तीन दिवस पाण्यात ठेवल्या, पोळपाटावर लाटल्या, जुन्या धोतराच्या फडक्यांत मांडून वर पाटा-वरवंटा ठेवला. फडकी रोज बदलायची, नाही तर बुरशी येते. आठवड्याने तळहाताएवढा पिवळसर तुकडा निघाला. घरभर कुबट वास. बॉलपेन छान चाललं, जेलपेन फुटलं. त्यावर दुधाचा हिशोब लिहून ठेवलाय.

एक गोष्ट मात्र पटली: दिवसाला शेकडो ताव काढणारी माणसं म्हणजे काय हाताची असतील. आणि इजिप्तमध्ये तर ही कलाच विसरली गेली होती, झाडसुद्धा जवळजवळ नाहीसं झालं होतं. हसन रगब नावाच्या इंजिनियरने १९६० च्या दशकात सुदानमधून रोपं आणून पुन्हा सुरुवात केली. तुमच्या दुकानदाराची 'फेरोंच्या काळापासूनची' पद्धत म्हणजे साठेक वर्षांची.

उंटावरचा_शहाणा

काल रात्री फ्रेम उघडली. बायकोने बॅटरी धरली, मी चित्र धरलं. रेघा एकाच दिशेने, जाळीचा पत्ता नाही. एक कोपरा हळूच गुंडाळायला गेलो तर तराजूचं एक पारडं तडकून खाली पडलं. काळिजाचं. म्हणजे प्रात्यक्षिक खऱ्याचं दाखवलं आणि पिशवीत दुसरंच घातलं.

सासूबाईंनी काही म्हटलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पण रानभूलताईंचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. आज सकाळी त्यांनी मंडईतून केळीचं सोपट आणवलं. सोलून, पट्ट्या काढून, पोळपाटावर आडव्या-उभ्या मांडल्या आहेत, वर पाटा. "पुढच्या खेपेला त्या गाईडला हे दाखव," म्हणाल्या.

फडकी रोज बदलायची, हे सांगितलंय. रविवारी कळवतो.